रबराला तेल दाखवायचं नाही

“आतापर्यंत किती वेळा फाटला?” शिंगाडे सरांनी विचारलं, तसे आमचे हे भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागले. ते पोस्टर त्यांनी आधी वीस वेळा वाचलेलं होतं.

“चार वेळा,” मी सांगितलं. “दिवाळीपासून.”

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात तळमजल्याच्या टोकाला एक खोली होती. रक्त तपासायच्या आधी आणि नंतर तिथं बसवून समजावून सांगत. शिंगाडे सर तिथले समुपदेशक, वय असेल तिशीच्या आत. माझ्यासारख्या चाळिशीच्या बाईला असले प्रश्न विचारताना त्यांचेच कान लाल व्हायचे, पण विचारायचे मात्र नीट. त्यांच्याकडं छापील कागद होता. तारीख बघून वापरता का, पाकीट दाताने फोडता का, खिशात ठेवून फिरता का, टोकाला हवा राहते का, एकावर एक दोन घालता का. सगळ्याची उत्तरं बरोबर आली. आमच्या घरात निरोधाची पाकिटं कपाटात, सावलीत, गोधडीच्या घडीत असायची. इतकी निगा मी सोन्याची केली नाही.

“मग खोकंच खराब असेल,” सर म्हणाले आणि त्यांनी आम्हाला नवीन खोकं दिलं. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. पण शेवटचा फाटला त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते, आणि इतक्या लवकर रक्तात काही दिसत नाही. तीन महिन्यांनी परत या, म्हणाले.

ह्यांना एचआयव्ही आहे हे त्याच्या दोन वर्षं आधी मुतखड्याच्या ऑपरेशनच्या वेळी कळलं होतं. कुठून आला, कसा आला, ते ह्यांनी त्याच दिवशी मला सांगितलं. मी एकदा कडाडून भांडले, आठ दिवस अबोला धरला आणि मग तो विषय मी संपवला. तो आमच्या दोघांचा मामला आहे, तुम्हाला सांगत बसणार नाही. रोगाशी लढणाऱ्या पेशी रक्तात पुरेशा होत्या म्हणून ह्यांच्या गोळ्या अजून सुरू झालेल्या नव्हत्या. आता डॉक्टर सांगतात की गोळ्या नेमाने घेतल्या आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला की तो जोडीदाराला लागत नाही. तेव्हा आम्हाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्यात आणि त्या आजारात एक रबराचा पापुद्रा होता, आणि तोच फाटत होता.

आमच्या गावात, बार्शीत, हे कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या मुलीलासुद्धा नाही. कारण एकच, आमचा धंदा. राऊतांचा लाकडी घाणा, करडई आणि शेंगदाण्याचं तेल, तीन पिढ्या. बाटलीवरच्या लेबलावर ह्यांच्या आजोबांचा फोटो आहे. हे स्वतःच्या हाताने करडई निवडतात, घाण्यापुढं उभे राहतात, तेल गाळतात. त्या हाताला काय झालंय हे गावाला कळलं तर तेल कोण घेईल, हा ह्यांचा घोर होता. खाण्यापिण्यातून हा आजार पसरत नाही हे मला पाठ होतं, पण गावाला कुठं पाठ होतं? म्हणून आम्ही तपासणीला बार्शी सोडून सोलापूरला जायचो आणि एसटीत वेगवेगळ्या बाकांवर बसायचो.

त्या दिवशी येताना मात्र हे माझ्या शेजारी बसले. वैराग मागं पडलं. मग म्हणाले, “बास आता. उद्यापासून मी घाण्यावर खाट टाकतो.”

मी म्हटलं, गर्मीचं तिथं झोप येणार नाही. ते म्हणाले, “रत्ना, मी झोपेचं बोलत नाही.”

मला समजलं होतं की. ऐकायचं नव्हतं एवढंच.

आता सगळे बायकांना विचारतात की बाई, तुझं दुखतं काय, पण तुला हवं काय हे कुणी विचारत नाही. मी सांगते. मला माझा नवरा हवा होता. मुलगी लग्नाच्या वयाला आलेली, केस पांढरे व्हायला लागलेले, आणि तरी हवा होता. भांडून, रडून, सगळं गिळून मी त्याला परत जवळ केला होता, तो काय घाण्यावर खाट टाकायला? पण त्यांच्या डोळ्यांत भीती होती आणि ती माझ्यासाठी होती, त्यामुळे धड भांडताही येईना. दुसऱ्या दिवशी खाट गेली.

महिनाभर असंच चाललं. दिवसा घाण्यावर मी हिशोबाला आणि बाटल्या भरायला, हे करडईपाशी, आणि आमच्यामध्ये हणमंता. हणमंता माझ्या सासऱ्यांच्या काळापासूनचा कामगार, साठी उलटलेला, तोंडाचा फटकळ. आमचा घाणा लाकडी असला तरी बैल जाऊन मोटर आली होती, आणि मोटरीवरून घाण्याला रबरी पट्टा होता. त्या पट्ट्यावर हणमंताचा पोटच्या पोरासारखा जीव.

मार्चमधल्या एका सकाळी घाणा मध्येच थांबला. पट्टा सुटून खाली पडला होता. हणमंताने तो उचलला, बोटाने दाबला आणि माझ्याकडं बघितलं. आदल्या दिवशी मी तेलाचा डबा मोटरीच्या वरच्या फळीवर ठेवला होता, तो रात्रभर ठिबकला होता. पट्टा फुगला होता. एरवी ताठ असतो, तो भिजलेल्या पापडासारखा झाला होता, नखाने ओरबाडला तर कपचा निघत होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “किती वर्षं सांगतोय. रबराला तेल दाखवायचं नाही.”

हे वाक्य मी त्या घरात लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले होते. सासरे म्हणायचे, हे म्हणायचे, मीसुद्धा नवीन माणसाला सांगायचे. डब्याच्या झाकणाची रबरी चकती बदलताना म्हणायचं, पट्टा चढवताना म्हणायचं. त्या सकाळी ते ऐकलं आणि मी तिथंच पोत्यावर बसले.

आता मधली एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मी शिंगाडे सरांना सांगितली नव्हती, कारण त्यांनी विचारली नव्हती. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझी गर्भाची पिशवी काढली. आमच्याकडं बाईची पाळी जरा बिघडली की डॉक्टर पिशवी काढायलाच सांगतात, तशी माझीही काढली, आणि सोबत बीजांडकोशही गेले. त्यानंतर अंगात कोरडेपणा आला. जवळ आलं की दुखायचं, जळजळायचं. काही दिवस मी दात खाऊन सोसलं. ह्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते उठले आणि वाटीत तेल घेऊन आले.

ह्यात आम्हाला दोघांनाही वावगं काही वाटलं नाही. आमच्या घरात तेलावर शंका घेत नाहीत. बाळ जन्मलं की तेल, कान दुखला की तेल, टाचा फुटल्या, गुडघे धरले, शेक द्यायचा, काही असो, आमच्याच घाण्याचं पहिल्या धारेचं तेल. आणि त्याने आराम पडला, हे खोटं कशाला सांगू? पण मी पोत्यावर बसून बोटं मोजली. वाटी घरात आली त्या उन्हाळ्यापर्यंत एकही फाटला नव्हता. त्यानंतर तीन, आणि दिवाळीपासून चार. सरांना मी दिवाळीपासूनचेच सांगितले होते.

दुपारी हणमंता जेवायला गेला तेव्हा मी ह्यांना मागच्या मोरीपाशी बोलावलं. दोन निरोध उघडून ठेवले होते. एकाला बाहेरून आमचं तेल चोळलं, एकाला नुसतं पाणी. हे म्हणाले, हे काय चाललंय, भरदिवसा? मी म्हटलं, पट्टा बघितला ना सकाळी?

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला आजही दिसतं. आधी कळलं नाही, मग कळलं, आणि मग राग आला. राग माझा नाही, त्यांच्या तेलाला मी नावं ठेवली ह्याचा.

“बाजारातलं भेसळीचं असतं तर मानलं असतं,” ते म्हणाले. “आपलं तेल शुद्ध आहे, रत्ना. तान्ह्या पोराच्या टाळूवर घालतात ते लोक.”

 मी पाव तास थांबले, तेवढ्यात चार भांडी घासली. मग पाण्याचा निरोध नळाला लावला. तो भरत गेला, भोपळ्याएवढा झाला, लोंबला, पण फुटला नाही. तांब्यांनी मोजलं तर पाच तांबे पाणी निघालं. मग तेलाचा लावला. मूठभर फुगला आणि फाटला. सगळं पाणी ह्यांच्या पायजम्यावर.

ते तसेच ओल्या पायजम्याने मोरीच्या कट्ट्यावर बसले. फाटकं रबर उचलून बोटाने ताणून बघितलं. मग म्हणाले, “माझ्या हाताने घालत होतो मी तुला. आपल्या घरचं विष.”

मला त्यांची इतकी माया आली की काय सांगू. मी म्हटलं, विष बिष काही नाही, तेल तेलाच्या जागी सोन्यासारखं आहे. रबराला दाखवायचं नाही, एवढंच. तुमच्या वडिलांनीच शिकवलंय हे, तुम्ही विसरलात आणि मीही विसरले. पण मला झोप लागत नव्हती हे त्यांना सांगितलं नाही. फाटलेले सात माझ्या अंगात काय करून गेले असतील ते मेमध्ये कळणार होतं.

तोवर नुसतं बसून राहणारी मी नव्हे. तेल नको तर काय, हे शोधायला मी एकटी सोलापूरला गेले. बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये विचारलं तर काउंटरवरच्या माणसाने इकडंतिकडं बघितलं, एक चपटी डबी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पटकन पुढं सरकवली. मी तिथंच कागद सोडला आणि डबीवरचं वाचलं. पेट्रोलियम जेली. मी त्याला म्हटलं, पेट्रोलियम म्हणजे खनिज तेलच की, हे रबराला कसं चालेल? तो म्हणाला, सगळे हेच नेतात, ताई. मी डबी परत केली. सगळे नेतात म्हणूनच तर माझ्यावर ही पाळी आली होती.

चौथ्या दुकानात काउंटरवर बाई होत्या, बागवान मॅडम, डोक्यावर ओढणी आणि नाकावर चष्मा. माझी पिशवी काढलीय, निरोधासोबत काय चालेल, असं मी ठरवून मोठ्याने विचारलं. मागं तीन-चार गिऱ्हाईकं होती, असू देत म्हटलं. बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी वर्तमानपत्र घेतलं नाही की आवाज खाली आणला नाही. दोन ट्यूब काउंटरवर ठेवल्या आणि भाजीवाली भाजी सांगते तसं सांगायला लागल्या. ही पाण्यातली, कंडोमला चालते, कशालाही चालते, पाण्याने धुऊन जाते, वाळली तर पुन्हा लावायची. ही सिलिकॉनची, कंडोमला चालते, जास्त वेळ टिकते, पण वस्तू सिलिकॉनची असेल तर तिला लावायची नाही, वस्तू खराब होते.

“कसली वस्तू?” मी विचारलं.

“बायका वापरतात ती,” त्या म्हणाल्या. “पुण्याहून पार्सलने मागवतात. तुम्हाला नको असेल तर सोडा, पण माहिती असावी. कुणी विचारलं तर सांगता येतं.”

मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. मग त्यांनी पाण्याच्या ट्यूबवरचे बारीक अक्षरातले शब्द मला बोटाने दाखवले, काय काय बघायचं ते. पाणी पहिलं पाहिजे. तेल, व्हॅसलिन, लोणी, मलई असलं काही नको. वास आणि रंग नको. थंड-गरम वाटणारी नको, सुन्न करणारी तर मुळीच नको, कारण दुखलेलं कळलंच नाही तर जखम होते. पिशवी काढलेल्या बाईची कातडी नाजूक असते, तिला साधीच बरी, आणि त्रास फार असेल तर बाईंच्या डॉक्टरकडं जा, त्याला वेगळं औषध आहे. शाळेतसुद्धा मला कुणी इतकं नीट शिकवलं नव्हतं. मी दोन ट्यूब घेतल्या आणि पिशवी न घेता पर्समध्ये टाकल्या.

त्या संध्याकाळी मी घाण्यावर गेले, खाट उचलली आणि घरी आणली. हणमंताने विचारलं, मालक घरी झोपणार का. मी म्हटलं, हो.

एप्रिलमध्ये एकही फाटला नाही. मेमध्येही नाही.

मेच्या शेवटी रिपोर्ट आला. शिंगाडे सरांनी कागद माझ्यापुढं धरला आणि मी वाचायच्या आधी हेच वाचून मोकळे झाले. निगेटिव्ह. हे बाहेर गेले आणि पाणी प्यायच्या टाकीमागं उभे राहून रडले. मी रडले नाही. मी सरांना बसवलं आणि तेलाचं सगळं सांगितलं, पट्ट्यापासून मोरीपर्यंत. सर ऐकत राहिले. मग त्यांनी तो छापील कागद काढला, वरपासून खालपर्यंत बघितला, आणि सगळ्या प्रश्नांच्या खाली पेनाने एक ओळ लिहिली. सोबत तेल, व्हॅसलिन किंवा क्रीम लावता का? दोन वर्षं मी त्या कागदापुढं बसत होते, तो प्रश्न त्यावर नव्हता. आता माझ्यामुळे आला. ती निळ्या पेनातली ओळ बघून मला जो अभिमान वाटला, तो मुलगी पहिली आली तेव्हाही वाटला नव्हता.

सर म्हणाले, दर महिन्याला तुमच्यासारख्या जोडप्यांची बैठक असते, तिथं तुम्ही हे सांगाल का? मी हो म्हटलं. हे नाही म्हणाले. कुणी बार्शीचं असलं तर? मी म्हटलं, मी एकटी जाते, आपलं नाव घेत नाही. सोबत न्यायच्या तेलाच्या बाटलीचं लेबल मी गरम पाण्यात भिजवून काढलं. आजोबांचा फोटो सोलून निघाला तेव्हा हे बघत होते.

बैठकीला तीसेक माणसं होती. सतरंजीवर बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. मी टेबलावर दोन निरोध, बिनलेबलाची बाटली आणि पाण्याची बादली ठेवली आणि बोलायला लागले. तेल म्हटल्याबरोबर चुळबुळ झाली. खाली मान घालणारे चेहरे बघूनच कळलं की मी एकटी नव्हते. तेवढ्यात करमाळ्याकडचे एक गृहस्थ उठले, जाड मिशांचे.

“बाई, तुमचं ते तेल भेसळीचं असणार,” ते म्हणाले. “रॉकेल मिसळतात आजकाल. शुद्ध तेलाने कधी कुणाचं वाईट झालंय?”

सगळ्यांनी माना हलवल्या. एक बाई म्हणाली, आम्ही तर घरच्या नारळाचं काढतो, त्याने काय होणार? मी सांगत होते की शुद्ध असलं तरी तेच, पण हातात बिनलेबलाची बाटली. तिच्यात काय आहे हे कुणी कशावरून मानावं? माझं मलाच पटवता येईना. ही माणसं घरी जाऊन पुन्हा तेच करणार, मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

दारापाशी कुणीतरी खाकरलं. आमचे हे होते. पुढच्या एसटीने आले होते, हातात पिशवी. ते सरळ टेबलापाशी आले, पिशवीतून एक सीलबंद बाटली काढली आणि लेबल लोकांकडं करून ठेवली. आजोबा सगळ्यांकडं बघत होते.

“मी विश्वंभर राऊत,” ते म्हणाले. “बार्शीचा घाणा आमचा. तीन पिढ्या. ह्या तेलापेक्षा शुद्ध तेल जिल्ह्यात कुणी दाखवावं, मी घाणा बंद करतो.” मग माझ्याकडं वळले. “मी पॉझिटिव्ह आहे. ही माझी बायको, ही निगेटिव्ह आहे. हे तेल आमच्या घरात तिला घातक ठरलं असतं. तिने ओळखलं म्हणून वाचली. आता बघा.”

त्यांनी सील फोडलं, तेल स्वतःच्या हाताने चोळलं. आम्ही पाव तास थांबलो. कुणी उठून गेलं नाही. मग मी निरोध धरला आणि त्यांनी पाणी ओतलं. पहिल्याच तांब्याला फाटला. मिशीवाले गृहस्थ खाली बसले, आणि त्यांच्या बायकोने, मागच्या रांगेतून, पदराआडून विचारलं, मग दुसरं काय लावायचं ते सांगा. मी पर्समधून ट्यूब काढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली नव्हती.

सगळं संपलं, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या. हे बाजूला उभे होते, घामाघूम. बोलून तर बसलो, आता काय होणार, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला त्यांचा हात धरायचा होता, पण तेलकट होता.

तेवढ्यात ती नारळाच्या तेलाची बाई टेबलापाशी आली. तिने ती फोडलेली बाटली उचलली, उजेडात धरून बघितली, थेंबभर बोटावर घेऊन चाखलं. मग झाकण घट्ट लावलं आणि ह्यांच्याकडं बघून म्हणाली, “उरलेलं सांडू नका, भाऊ. मी नेते. आज पाहुणे आहेत, वांग्याची भाजी करायची आहे.”